प्लग बघणारे हमीद मास्तर

हमीद मास्तर कुणाला नाव विचारत नाहीत. गाव विचारत नाहीत, कुणाचा कोण तेही विचारत नाहीत. रस्त्यानं एखादी मोटरसायकल अडखळत, ठसकत आली की ते ओट्यावरून उठतात, हातातली काठी आडवी धरतात आणि म्हणतात, "प्लग दाखव."

माणूस गोंधळतो. लायसन मागितलं असतं तर त्याचा हात आपोआप खिशाकडं गेला असता. इंजिनातला प्लग मागणारा त्याला जन्मात पहिल्यांदाच भेटलेला असतो.

मीही अशीच गोंधळले होते. ईटच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू होऊन मला दोनच दिवस झाले होते. खोली भूमला घेतली होती आणि रोज मोटरसायकलनं ये-जा करायची ठरवलं होतं. गाडी माझ्या वडिलांची. "स्कूटी घेऊन वाड्यावस्त्यांवर गेलीस तर स्कूटी तिथंच राहील आन् तू चालत येशील," असं म्हणून त्यांनी परंड्याहून ती स्वतः आणून दिली होती. गाडी माझ्यापेक्षा तीनच वर्षांनी लहान.

ईटच्या अलीकडं, रस्त्याला लागून एक पत्र्याचं घर आहे. पुढं सिमेंटचा ओटा. त्या ओट्यावरून एक उंच, किडकिडीत, पांढऱ्या सदऱ्यातला म्हातारा उठला आणि काठी आडवी झाली.

"प्लग दाखव."

मी जरा रुबाबात म्हणाले, "मी जनावरांची डॉक्टर आहे. मला उशीर होतोय."

"बरंय की मग. जनावर आजारी पडलं की त्येची जीभ बघता का न्हाई?"

"बघते."

"मग ह्या बिचारीची कदी बघितली?"

डॉक्टरीच्या पाच वर्षांत हे कुणी शिकवलं नव्हतं. मी गाडी बंद केली आणि इथंच चुकले, कारण मास्तरांचा पहिला नियम असा, की इंजिन निवल्याशिवाय प्लगला हात लावायचा नाही. इंजिन निवायला अर्धा तास. तो अर्धा तास गाडीवाल्यानं ओट्यावर बसायचं आणि मास्तर सांगतील ते ऐकायचं. चौतीस वर्षं वस्त्यांवरच्या शाळांत शिकवलेला माणूस. समोर एकच विद्यार्थी असला तरी शिकवतो चाळिसांच्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात.

अर्ध्या तासानं त्यांनी प्लगवरची काळी टोपी ओढून काढली, आजूबाजूची धूळ फडक्यानं पुसली, पाना लावला आणि प्लग बाहेर काढला. तो तव्याच्या बुडासारखा काळा होता.

"चोक ओढूनच चालवती का गं?"

चोक वडिलांनी हिवाळ्यात ओढला होता, तो तसाच राहिला होता. आता मार्च चालू होता.

"बावीस," मास्तर म्हणाले. "शंभरापैकी. थांब, उजेडात बघून येतो." आणि डोक्यावर मार्चचं ऊन तापलेलं असताना ते प्लग घेऊन अंधाऱ्या घरात निघून गेले.

हे कोडं साऱ्या ईटला पडलेलं होतं. मास्तर प्रत्येक प्लग उजेडात बघायला म्हणून घरात नेतात. पाच-दहा मिनिटांनी बाहेर येतात आणि मग अचूक निदान सांगतात. तुझ्या गाडीत पेट्रोल जास्त येतंय. तुझी हवा खेचतीय. तुझं इंजिन ऑइल पितंय, पिस्टनच्या रिंगा बघून घे. घरात काय आहे, यावर गावात तीन मतं होती. एक, मास्तरांनी शाळेतली सूक्ष्मदर्शक दुर्बीण आणून ठेवली आहे. दोन, त्यांच्याकडं निजामाच्या वेळचं एक जाडजूड पुस्तक आहे. तिसरं मत हळू आवाजात सांगितलं जायचं, की मास्तरांना एक जिन वश आहे आणि तो पूर्वी कुठल्यातरी गॅरेजात होता. घरात मात्र मास्तर कुणालाच घेत नसत. "घरात आराम चालू हाय," एवढंच सांगत. त्यांची बायको आजारी असते, हे सगळ्यांना माहीत होतं. पण पुढं कुणी विचारत नसे आणि ते सांगत नसत.

त्या दिवशी बाहेर येऊन त्यांनी मला चोक बंद करायला लावला, प्लग घासून परत बसवला, आणि दवाखान्यात मी पाऊण तास उशिरा पोचले. तिथं एक शेळी आणि तिचा मालक वाट बघत होते. "मास्तरनं धरलं असंल," मालक समजुतीनं म्हणाला. गावात हे कारण चालायचं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा काठी.

"आता काय झालं मास्तर? नीट चाललीय की गाडी."

"नीट चालली म्हणूनच. आज तू खोलायचा."

मी म्हणाले, मला नाही जमणार. मास्तरांना हे वाक्य अजिबात खपत नाही. "म्हशीच्या पोटात खांद्यापोत्तर हात घालती आन् एवढा बोटभर प्लग जमत न्हाई? बस खाली."

मी बसले. पाना उलटा फिरवला तर प्लग हलेना. मी जोर लावायला गेले, तसे ते ओरडले, "घाई नको, आटे जातील!"

हे त्यांचं सगळ्यात लाडकं वाक्य. प्लग बसवताना पहिले आटे बोटांनीच फिरवायचे, पाना अजिबात लावायचा नाही. बोटाला कळतं, सरळ चाललाय की तिरका. तिरका असताना पान्यानं जोर केला, की इंजिनच्या हेडातले आटे जातात आणि मग सगळंच गेलं. बोटांनी पार टेकला, की मगच पाना आणि तोही पाव फेरा. गावातल्या कुठल्याही गोष्टीला मास्तर हाच न्याय लावतात. एखाद्यानं बघण्याच्या कार्यक्रमातच साखरपुडा उरकायचं काढलं, की मास्तर लांबूनच सांगणार, "आधी बोटानं फिरवा पाव्हणं, आटे जातील." ग्रामसभेत दोन गट भिडले, तर मास्तर उठून म्हणणार, "तिरका बसलाय. काढा आन् पुन्हा लावा." निम्म्या लोकांना काय काढायचं ते कळत नाही, पण भांडण तेवढ्यात थंडावतं.

एकदा तर त्यांनी नवरदेव अडवला. भूमकडून वाजतगाजत वऱ्हाड आलं होतं. पुढं बँड, मागं पाहुणे आणि मध्ये फुलांनी मढवलेल्या मोटरसायकलवर फेटा बांधलेला नवरदेव. गाडी मधूनच ठसकत होती. बँडच्या आवाजात ते कुणालाच ऐकू आलं नव्हतं, मास्तरांच्या घरापर्यंत मात्र पोचलं. काठी आडवी झाली. बँड थांबला. नवरदेवानं खाली वाकून बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. तो मास्तरांचाच विद्यार्थी होता.

"खाली उतर रे. प्लग दाखव."

"मास्तर, मुहूर्त..."

"मुहूर्त हुकला तर दुसरा निघतो. इंजिन निवू दे."

वऱ्हाडाला घ्यायला आलेला नवरीचा मामा तावातावानं पुढं आला, पण नवरदेव आधीच ओट्यावर जाऊन हाताची घडी घालून बसला होता. शाळेतली सवय. बँडवाल्यांनी तोवर चार गाणी वाजवली. पाहुण्यांना सावली मिळाली. मास्तर प्लग घेऊन घरात गेले, बाहेर आले, दुसरा प्लग बसवला आणि गाडी अशी गुळगुळीत सुरू झाली, की मामानंसुद्धा मान डोलावली. "एकोणचाळीस," मास्तर नवरदेवाला म्हणाले. "गणितात बी एवढंच पडायचं तुला. जा, सुखी रहा."

मला मात्र त्यांनी सोडलं नाही. प्लग पाच वेळा खोलायला लावला, पाच वेळा बसवायला लावला. दोन टोकांतली फट लोखंड कापायच्या करवतीच्या पात्यानं मोजायला शिकवली. डिकीत एक नवा प्लग आणि पाना कायम ठेवायची सक्ती केली आणि तो आहे का, हे मध्येच गाडी थांबवून तपासलं. मी भूमच्या मैत्रिणीला फोनवर म्हणायचे, इथं एक म्हातारा माझ्या मागं लागलाय. ती काळजीनं विचारायची, कशासाठी? मी म्हणायचे, प्लगसाठी. मग ती विषय बदलायची.

जूनमधली गोष्ट. दुपारी तीनच्या सुमाराला एका वस्तीवरून सुमनबाईंचा फोन आला. सुमनबाई एकट्या राहणाऱ्या. एक गाय, तिच्या दुधावर घर. गाय सकाळपासून कळा देत होती आणि वासराचा एकच पाय बाहेर दिसत होता. दुसरा आत मुडपलेला असणार, हे मला फोनवरच कळलं. अशा वेळी तासाभराचा उशीरसुद्धा वासराला झेपत नाही, कधी गायीलाही नाही.

मी निघाले. डांबरी रस्ता संपला, शेतांमधल्या पांदीला लागले, आणि निम्म्या वाटेवर गाडी दोनदा ठसकून बंद पडली. किका मारून पाय भरून आला. पुढं-मागं माणूस नाही. वस्ती अजून तीन किलोमीटर. औषधांची पेटी घेऊन चालत जायचं म्हटलं तरी पाऊण तास.

मी डिकीतून पाना काढला आणि हात पुढं केला, तसा इंजिनचा भपकारा आला. गाडी तापलेली. तेवढ्या घाईतही कानात मास्तर ओरडले. मग मी सरकारी रजिस्टर काढलं आणि त्यानं इंजिनला वारा घालायला लागले. जनावरांच्या नोंदीच्या रजिस्टरनं मोटरसायकलला वारा घालणारी डॉक्टर दुसरी झाली नसेल. ती आठ मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब मिनिटं. मध्ये सुमनबाईंचा फोन आला. "बाई, ती आडवी पडलीय." मी म्हणाले, "आले," आणि आणखी जोरात वारा घातला.

मग ओढणीची घडी हातात धरून जुना प्लग काढला. टोकं ओली होती, काळी होती. नवा घेतला, बोटांनी लावला. घाईत प्लग तिरका चालला होता. बोटाला कळलं. मी तो काढला, एक श्वास घेतला, पुन्हा लावला. तीन फेरे, चार फेरे, टेकला. मग पान्यानं घट्ट. टोपी दाबली. पहिल्या किकला गाडी सुरू झाली.

गाय आडवी पडून धापा टाकत होती. सुमनबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि तिच्याशी माहेरच्या माणसाशी बोलावं तसं बोलत होत्या. मी हात आत घातला, वासराला थोडं मागं ढकललं, मुडपलेला पाय चाचपून शोधला, खूर तळहातात झाकून सरळ केला. मग दोघींनी मिळून ओढलं. कालवड बाहेर आली ती मेल्यासारखी. नाकातोंडातला चिकटा काढला, छाती चोळली, वाळक्या गवताची काडी नाकात फिरवली. ती शिंकली. सुमनबाई रडत-हसत म्हणाल्या, "दहा मिंटं आजून गेली असती तर?"

मी उशिराचं कारण सांगितलं. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं, की कालवडीचं नाव 'पलगी' ठेवलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. मी भूमहून पेढे घेतले आणि दुपारी मास्तरांच्या ओट्यासमोर गाडी थांबवली. ओटा रिकामा. तेव्हा लक्षात आलं, मास्तर जुम्याच्या नमाजाला गेले असणार. थोडं थांबावं म्हणून मी चावी फिरवणार, तोच खिडकीतून आवाज आला.

"गाडी बंद करू नका. जरा ऐकू द्या."

बाईचा आवाज होता. खणखणीत. मी तशीच थांबले.

"जरा रेस द्या. हां. आता सोडा." मी रेस दिली, सोडली. "प्लग नवा बसिवलाय. चांगला बसलाय. पन कारबोरेटरला कचरा आलाय वाटतं, तेवढं साफ करून घ्या. न्हाईतर ह्यो बी काळा पडंल. परंड्याच्या डॉक्टर ना तुमी? या आत."

मी गाडी बंद करून आत गेले. खोलीत दुर्बीण नव्हती, पुस्तक नव्हतं. खिडकीला लागून एक कॉट होती आणि तिच्यावर उशांना टेकून एक गोरीपान, सुरकुतलेली बाई बसली होती. डोळे लख्ख. दोन्ही हात मांडीवर होते. संधिवातानं बोटं अशी वळली होती, की कुठलं बोट कुठं जातंय ते कळू नये. उशाशी एका परातीत वीस-पंचवीस जुने प्लग होते.

"मी रहेमतबी. मी बी परंड्याचीच," त्या म्हणाल्या. "बसा."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे अब्बा परंड्यात ऑइल इंजिनं आणि मोटरसायकली दुरुस्त करायचे. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून पाने द्यायला ही मुलगी. बारा वर्षांची होईतो ती आवाजावरून इंजिन ओळखायची. पुढं लग्न झालं ते शाळामास्तराशी. मास्तरांनी लांबच्या वस्तीवर जायला मोटरसायकल घेतली, पण ती बंद का पडते हे त्यांना कधी कळलं नाही. रोज पहाटे फजरच्या नमाजानंतर, मागच्या परड्याचं दार लावून, रहेमतबी गाडीचा प्लग काढून बघायच्या, पुसायच्या, बसवायच्या. कुणाला पत्ता नव्हता. सगळे म्हणायचे, मास्तरची गाडी लई टकाटक.

"मग बोटं गेली," त्या सहज म्हणाल्या. "आधी ह्या हाताची, मग त्या. पाना धरवंना. मग म्या हितनं सांगायची आन् मास्तर करायचे. चौतीस वर्षं पोरांना शिकिवलं, पन सोताला शिकायला तीन वर्षं लागली बघा. सोताच्याच गाडीचे आटे घालिवले त्यांनी."

"आणि मग हे रस्त्यावर गाड्या अडवणं?"

त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"मग पाय बी गेले. कॉटवर आले. तवा माझं बोलनंच गेलं म्हना की. भिंतीकडं तोंड करून पडायची. चार-चार दिवस बोलायची न्हाई. मास्तर समोर बसून पेपर वाचून दाखवायचे, भाजी काय करू इचारायचे. म्या गप. एक दिवस रस्त्यानं कुनाची तरी गाडी गेली, अडखळत. माझ्या तोंडातनं निघून गेलं, प्लग गेलाय त्येचा." त्या हसल्या. "मास्तर ताटावरनं उठले. हात खरकटा, पायात चप्पल न्हाई. पळत जाऊन त्या मानसाला अडिवलं, प्लग काढून घेतला आन् आनून माझ्या म्होरं धरला. म्हनले, बघ. बोल. काय झालंय त्येला?"

बाहेर ओट्यावर काठी टेकल्याचा आवाज झाला. मास्तर दारात आले आणि मला आत बघून, कॉपी करताना पकडलेल्या पोरासारखे उभे राहिले.

"मास्तर," मी म्हणाले, "तुम्ही कधी कुणाला सांगितलं का नाही, की हे सगळं चाचींचं आहे म्हणून?"

"तिनंच नको म्हणून सांगितलंय," ते हळू आवाजात म्हणाले. चाळिसांच्या वर्गाचा आवाज कुठल्याकुठं गेला होता. "म्हणती, लोक येतील आन् माझे हातच बघतील. मग मला बी वाटलं, नको. प्लग येतो तेवढा बास हाय."

मी पेढ्यांचा पुडा उघडला. आधी चाचींना भरवला, मग मास्तरांना दिला. कालवडीची गोष्ट सांगितली, पायापासून नावापर्यंत. 'पलगी' म्हटल्यावर रहेमतबी इतक्या हसल्या, की मास्तर काळजीनं पुढं आले.

"चाची," मी म्हणाले, "मी पांदीत घाईघाईत बसवलाय. एकदा तुम्ही बघता का हातानं? मला खात्री नाही."

प्लग चांगला बसलाय, असं त्यांनीच मघाशी सांगितलं होतं. त्यांनी माझ्याकडं रोखून बघितलं. मास्तर म्हणाले, "काढून आणू का आत?"

"नको," मी म्हणाले. "गाडीच आणू."

दोघांनी मिळून गाडी उंबऱ्यावरून चढवली. मास्तरांनी मागून ढकलली, मी हँडल धरलं. चहाची भांडी हलवली, कॉट जरा सरकवली, आणि गाडीचं इंजिन रहेमतबींच्या हाताशी येईल अशी ती उभी केली. मग तिघंही बसून राहिलो. त्या अर्ध्या तासात मास्तर एक शब्द बोलले नाहीत.

इंजिन निवल्यावर मी प्लग काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो दोन्ही हातांच्या मध्ये धरला, उलटा-सुलटा केला. मग पुढं वाकल्या. एक वळलेलं बोट आणि अंगठ्याची कड, एवढ्यानं त्यांनी तो भोकाशी नेला. पहिल्यांदा निसटला. मास्तरांचा हात अर्धवट पुढं झाला आणि तसाच थांबला. दुसऱ्यांदाही निसटला. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले आणि प्लग फिरला. थोडासा. पुन्हा थोडासा. अख्खा एक फेरा व्हायला किती वेळ लागला कुणास ठाऊक, आम्ही कुणीच मोजत नव्हतो.

"टेकला," त्या म्हणाल्या. "मास्तर, आता पाना घ्या. पाव फेरा. बास."

मास्तरांनी पाव फेरा दिला आणि पाना खाली ठेवला. मग ते आत जाऊन तांब्यात पाणी, साबण आणि टॉवेल घेऊन आले, कॉटशेजारी बसले आणि त्यांनी रहेमतबींचा हात हातात घेतला. बोटांना ग्रीस आणि काळं लागलं होतं. नखांतही गेलं होतं.

रहेमतबींनी हात हळूच काढून घेतला आणि पांढऱ्या चादरीवर ठेवला.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "आजच्या दिवस असू द्या."